एसएसडी झिजण्याआधीच दगा देते

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो नव्यासारखा धावू लागतो. त्याबरोबर एक धास्तीही येते. एसएसडीवर ठरावीक वेळाच लिहिता येते, असे ऐकलेले असते. मग कोणी ब्राउझरची तात्पुरती साठवण बंद करतो, कोणी हायबरनेशनची सोय काढून टाकतो, तर कोणी एसएसडी असूनही रोजचे काम जुन्या, संथ डिस्कवरच करत राहतो. हेतू चांगला असला, तरी ही काटकसर बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते.

झीज खोटी नाही. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते. अब्जावधी सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती साठवली जाते. लिहिताना आणि पुसताना हा भार एका अतिपातळ विद्युतरोधक थरातून पलीकडे न्यावा लागतो आणि दर वेळी तो थर किंचित दुबळा होतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारा जुना प्रकार सुमारे १ लाख वेळा पुसणे-लिहिणे सोसत असे. आजच्या घरगुती एसएसडीत एका कप्प्यात ३ किंवा ४ बिट बसवतात. त्यामुळे ही क्षमता काही हजारांवर किंवा हजाराच्या आसपास येते.

तरीही हिशेब मांडला की भीती ओसरते. एसएसडीतला कंट्रोलर लिखाणाचा भार सगळ्या कप्प्यांवर सारखा वाटतो. कप्प्यात ३ बिट ठेवणाऱ्या, १ टेराबाइटच्या अनेक एसएसडींना ६०० टेराबाइट लिखाणाची हमी असते. रोज ३० गिगाबाइट लिहिले तरी ही मर्यादा गाठायला ५० वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर तो लॅपटॉप कधीच भंगारात गेलेला असेल.

मग एसएसडी दगा का देते? गुगलच्या डेटा सेंटरमधील एसएसडींचा सहा वर्षांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ड डिस्कच्या तुलनेत एसएसडी बदलण्याची वेळ कमी आली. पण दुरुस्त न होणाऱ्या चुका मात्र त्यांच्यात जास्त आढळल्या. पहिल्या चार वर्षांत, मॉडेलनुसार, २० ते ६३ टक्के एसएसडींमध्ये अशी किमान एक चूक दिसली. शिवाय लिखाण कितीही झालेले असो, नुसत्या वयाचाही परिणाम दिसला.

कधी दोष आतल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. हेव्लेट पॅकार्ड एंटरप्राइजने २०१९ मध्ये ग्राहकांना सावध केले की, त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तासांनी, कायमच्या बंद पडतील. कप्पे शाबूत असले तरी फर्मवेअरमधील चूक सुधारल्याशिवाय त्या वाचणार नव्हत्या.

वीज हेही एक कारण. लिखाण चालू असताना अचानक वीज गेली, तर माहिती कुठे ठेवली याचा आतला नकाशाच बिघडू शकतो. महागड्या सर्व्हर-एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडीत ते सहसा नसतात. म्हणून वारंवार वीज जाणाऱ्या गावात डेस्कटॉपला यूपीएस जोडणे हे ब्राउझरची साठवण बंद करण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे.

एसएसडी कपाटात ठेवून माहिती कायम जपली जाईल, असेही समजू नये. कप्प्यांतला भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत तो लवकर गळतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार, लिखाणाची हमी संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश सेल्सिअसला माहिती १ वर्ष टिकवणे अपेक्षित आहे. नव्या एसएसडीत ती बरीच जास्त टिकते. तरी लग्नाचे फोटो किंवा दुकानाचे जुने हिशेब केवळ अशा एसएसडीत भरून विदर्भातल्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे शहाणपणाचे नाही.

करण्याजोग्या गोष्टी मोजक्याच आहेत. १० ते २० टक्के जागा मोकळी ठेवावी, म्हणजे कंट्रोलरला हालचालीला वाव मिळतो. डीफ्रॅग करू नये. त्याने फायदा नाही, झीज मात्र होते. फर्मवेअर अद्ययावत ठेवावे, पण त्याआधी बॅकअप घ्यावा. हार्ड डिस्क अनेकदा खरखर आवाज करून इशारा देते. एसएसडी पुष्कळदा काहीच न सांगता बंद पडते. त्यामुळे महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर आणि शक्यतो वेगळ्या ठिकाणी असलीच पाहिजे.

मात्र सगळा भार ग्राहकावर टाकणेही योग्य नाही. खोक्यावर वेगाचे आकडे ठळक छापले जातात. लिखाणाची हमी आणि कप्प्यांचा प्रकार अनेकदा शोधावा लागतो. काही कंपन्यांनी मॉडेलचे नाव तेच ठेवून आतली चिप बदलल्याचे २०२१ मध्ये उघड झाले होते. औषधाच्या पाकिटावर घटक आणि मुदत छापणे बंधनकारक असते. लोकांच्या आयुष्यभराच्या नोंदी सांभाळणाऱ्या वस्तूबाबतही एवढा नियम हवा. तो येईपर्यंत दुकानदाराला वेगाआधी हमीचे आकडे विचारावेत आणि एसएसडी बसवतानाच बॅकअपची दुसरी डिस्कही घ्यावी.