सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

दसरा-दिवाळी जवळ आली की दुचाकी, फ्रिज, मोबाइल हप्त्यावर घ्यायची लगबग सुरू होते आणि बँकेतून हात हलवत परतणाऱ्यांची संख्याही वाढते. ‘तुमचं सिबिल कमी आहे’ एवढंच ऐकून माणूस बाहेर पडतो, तर समोरच्या विजेच्या खांबावर कागद चिकटवलेला : सिबिल खराब? पंधरा दिवसांत साफ. खाली मोबाइल नंबर. मोबाइल उघडला तर रील्समध्येही तीच जाहिरात. माझी कळकळीची विनंती आहे, त्या नंबरला फोन करू नका. केला असेल तर पुढचे पैसे आजच थांबवा.

बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यापासून मी लोकांचे क्रेडिट रिपोर्ट वाचून देतो. हप्ते थकण्याची कारणं ऐकली की कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. घरात आजारपण निघालं, कंपनी बंद पडली, द्राक्षबागेवर अवकाळी आली. माणसं अडचणीत येतात आणि सावरतातही. मला बेचैन करतं ते त्यानंतरचं. स्कोर वाढवायच्या घाईत जे केलं जातं, त्यानेच तो आणखी खाली जातो. जो पैसा थकलेल्या हप्त्यात भरायचा तो एजंटाच्या खिशात जातो.

मध्यंतरी आमच्या भागातला एक टेम्पोचालक रिपोर्ट घेऊन आला. या रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जखात्याखाली महिन्यांची एक चौकट असते, मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतची. महिन्याखाली तीन शून्यं असली की हप्ता वेळेवर भरला. तिथे तीस किंवा साठ आकडा असला की तितके दिवस उशीर झाला. त्याच्या चौकटीत लागोपाठ तीन महिने उशीर दिसत होता आणि पुढे सगळी शून्यं. म्हणजे गडी सावरला होता. आणखी काही महिने असेच हप्ते गेले असते तर स्कोर आपसूक चढला असता. पण त्याला धीर धरवला नाही. त्याने एका एजंटाला नऊ हजार रुपये दिले. सोबत पॅन दिला, आधार दिला आणि मागितले तेव्हा ओटीपीही दिले. एजंटाने काय केलं, तर त्याच्या नावाने ऑनलाइन तक्रार टाकली की या उशिराच्या नोंदी चुकीच्या आहेत. फायनान्स कंपनीने नोंदी बरोबर असल्याचं कळवलं, चौकट होती तशीच राहिली. मात्र रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, कर्जासाठी कोणी कोणी चौकशी केली त्या यादीत, त्याने कधी नावही न ऐकलेल्या दोन कंपन्या होत्या. त्याचा पॅन वापरून कुणीतरी कर्ज काढायचा प्रयत्न केला होता.

हे असं का होतं, ते नीट समजून घ्या. आपल्याकडे कर्जाची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली त्या चालतात. ३०० ते ९०० मधला स्कोर त्या काढतात, पण खात्याची माहिती येते बँकांकडून आणि फायनान्स कंपन्यांकडून. ज्याने नोंद पाठवली त्याने दुरुस्त केल्याशिवाय ती बदलत नाही. खरी नोंद कोणाचाही बाप पुसू शकत नाही. खोटी नोंद दुरुस्त करून घ्यायला एक पैसा लागत नाही. मग एजंट पैसे घेतो ते कशाचे?

दुसरी चूक याहून महागात पडते, आणि ती करणारे शिकलेसवरलेले लोक मी जास्त पाहिले आहेत. ती म्हणजे सेटलमेंट. कार्डाचे किंवा वैयक्तिक कर्जाचे दीड लाख थकलेले असतात. वसुलीवाल्याचा फोन येतो : साहेब, साठ हजार भरा, विषय संपवून टाकू, सिबिलही क्लिअर होईल. माणूस बायकोचे दागिने गहाण ठेवून साठ हजार भरतो आणि सुटलो म्हणतो. पुढे तीन-चार वर्षांनी घरासाठी अर्ज केला की कळतं, त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा आहे. त्याचा अर्थ प्रत्येक बँक एकच घेते : याने पूर्ण पैसे फेडले नाहीत, उरलेल्यावर बँकेला पाणी सोडावं लागलं. हा शेरा वर्षानुवर्षं राहतो. वसुलीवाला ‘क्लिअर’ म्हणाला ते त्याच्या वसुलीपुरतं.

खरोखरच दुसरा इलाज नसेल तर सेटलमेंट करावी लागते, ते मी नाकारत नाही. पण फोनवरच्या शब्दावर कधीही करू नका. रक्कम किती, खातं बंद कधी होणार आणि रिपोर्टमध्ये काय शेरा जाणार, हे बँकेच्या लेटरहेडवर आधी घ्या. पैसे फक्त कर्जखात्यात भरा, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर अजिबात नको. आणि ज्यांनी पूर्वी सेटलमेंट केली आहे त्यांनी निराश होऊ नये. बँकेला लेखी विचारा की उरलेली किती रक्कम भरली तर खातं पूर्ण फेडून बंद झाल्याची नोंद पाठवाल. बँक तयार झाली आणि पैसे भरले की बेबाकी दाखला घ्या आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून शेरा बदलला का ते डोळ्यांनी पाहा. गृहकर्ज फिटलं असेल तर तारणाची मूळ कागदपत्रंही मागून घ्या. ती ३० दिवसांत परत मिळायलाच हवीत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून लागू केला आहे.

जामिनाबद्दल तर गावोगावी ओरडून सांगावंसं वाटतं. भावकीतला आहे, शाळेतला मित्र आहे, नाही कसं म्हणायचं, म्हणून आपण बँकेत सही ठोकतो आणि विसरून जातो. ते कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही येतं. कर्ज घेणाऱ्याने हप्ता चुकवला की डाग तुमच्यावरही पडतो, आणि तुम्हाला ते कळतं मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी. ज्यांनी कुठे सही केली आहे त्यांनी या आठवड्यात त्या कर्जाचा उतारा मागवून हप्ते चालू आहेत का ते बघावं.

बाकीच्या चुका छोट्या, पण रोजच्या. एका बँकेने नाही म्हटलं की त्याच दिवशी पाच ॲपवर अर्ज टाकायचे; प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि माणूस पैशासाठी कासावीस झालाय असं चित्र उभं राहतं. सर्वांत जुनं कार्ड रागाने बंद करायचं, म्हणजे जुना चांगला इतिहास आपल्याच हाताने आखूड करायचा. कार्डाची मर्यादा दर महिन्याला काठोकाठ वापरायची. फक्त मिनिमम ड्यू भरत राहायचं : उशिराची नोंद टळते हे खरं, पण उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांना महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त व्याज चढतं. आणि एक गैरसमज कायमचा काढून टाका. स्वतःचा स्कोर स्वतः बघितल्याने तो कमी होत नाही. या भीतीने लोक वर्षानुवर्षं रिपोर्ट उघडतच नाहीत.

तो आज उघडा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळण्याचा हक्क तुम्हाला २०१७ पासून आहे. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, गुगलवर वर येणाऱ्या कुठल्याही दुव्यावरून नको. आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी हे फार काळजीने बघावं. माहेरचं आणि सासरचं नाव, आडनावाचं वेगळं स्पेलिंग यातून दुसऱ्याच बाईचं कर्ज आपल्या नावावर आलेलं मी पाहिलं आहे. मग एकेक खातं बघा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का? न घेतलेलं कर्ज आहे का? चूक असेल तर तिथेच ऑनलाइन तक्रार नोंदवा, बँकेलाही लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथेही फी नाही, वकील लागत नाही.

नोंदी खऱ्याच असतील तर आधी चालू थकबाकी भरा, हप्त्याच्या तारखेआधी खात्यात पैसे ठेवा आणि वाट बघा. बँकांना आता किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे भरलेला पैसा पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. तरी स्कोर सावरायला महिने लागतात, आणि ते लागू द्यावे लागतात. ज्यांनी आजवर कर्जच घेतलं नाही त्यांनीही घाबरू नये : पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे.

हे फक्त कर्जापुरतं राहिलेलं नाही म्हणून घाई करतो आहे. कर्जफेडीचा इतिहास वाईट म्हणून स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली, आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा तो निर्णय कायम ठेवला. बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांनी मोबाइलचे थकलेले हप्ते हलक्यात घेऊ नयेत.

ज्यांना मोबाइल नीट वापरता येतो त्यांना माझं सांगणं आहे, या रविवारी आईवडिलांजवळ बसा, शेजारच्या काकांजवळ बसा आणि त्यांचा रिपोर्ट काढून वाचून दाखवा. दुकानदारांनो, तुमच्या भिंतीवरचे ते कागद काढून टाका. आणि ज्यांनी एजंटाला ओटीपी किंवा कागदपत्रं दिली आहेत त्यांनी लाजून गप्प बसू नये. चारही रिपोर्टमधल्या चौकश्या तपासा, अनोळखी कर्ज दिसलं तर त्या कंपनीला लगेच लेखी हरकत कळवा, आणि पैसे गेले असतील तर आत्ता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा.