मेंदूवरचा भार मोजावा, पण कशासाठी?

संगणकापुढे काम करणारी दोन माणसे पाहा. दोघांची बोटे सारखीच चालत आहेत, चेहरेही शांत आहेत. पण एकाच्या हातचा तो मळ आहे, तर दुसऱ्याची मनातल्या मनात तारांबळ उडाली आहे. हा फरक बाहेरून दिसत नाही. मग तो मेंदूतूनच मोजता येईल का?

काही अंशी येतो. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत् लहरींची पहिली नोंद केली व १९२९ साली ती प्रसिद्ध केली. आज डोक्याच्या त्वचेवर छोटी विद्युत् अग्रे ठेवून हा आलेख घेतात. त्याला ई. ई. जी. म्हणतात. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात दर सेकंदाला ८ ते १३ आवर्तने असणाऱ्या ‘अल्फा’ लहरी ठळक दिसतात. डोळे उघडले किंवा मनात हिशेब सुरू केला, की त्या दबतात.

मेंदूवरचा भार कसा वाढवतात, हे तुम्हीही करून पाहा. मित्राला सावकाश एकेक अंक वाचायला सांगा. प्रत्येक अंकानंतर तुम्ही त्याच्या दोन घरे आधीचा अंक सांगायचा. ते जमले की तीन घरे आधीचा. अशीच कामे संगणकाच्या पडद्यावर देऊन संशोधक ई. ई. जी. घेतात. काम अवघड होत जाते तशा डोक्याच्या पुढच्या भागात, मध्यावर, ४ ते ८ आवर्तनांच्या ‘थीटा’ लहरी सर्वसाधारणपणे वाढतात आणि मागच्या भागातील अल्फा लहरी कमी होतात.

येथपर्यंत विज्ञान झाले. पुढचा प्रश्न मात्र आपल्या सर्वांचा आहे. २०१९ साली चीनमधील झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर लहरी टिपणाऱ्या पट्ट्या बांधून त्यांची एकाग्रता मोजली जात होती. त्यावर बरीच टीका झाली आणि तो प्रकार थांबवावा लागला. माझ्या मते तो थांबला हे योग्यच झाले.

असे का म्हणतो? पहिले कारण, हा संकेत फार क्षीण असतो. तो जेमतेम काही दशक मायक्रोव्होल्टचा. ५० मायक्रोव्होल्ट धरले, तर बॅटरीतल्या १.५ व्होल्टच्या सेलच्या तो तीस हजारावा भाग होतो. नुसती पापणी लवली किंवा दात आवळले, तरी त्याहून मोठा संकेत उमटू शकतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. थीटा लहरी कामाच्या भाराने वाढतात, तशा पेंगुळल्यानेही वाढतात. भार कमी दिसला, तर मुलाला धडा सोपा गेला की त्याने नाद सोडून दिला? एकटा आकडा हे सांगत नाही. शिवाय प्रत्येकाचा आलेख वेगळा असतो. म्हणून एकाच माणसाची दोन कामांतली तुलना पुष्कळ काही शिकवते, पण दोन मुलांची तुलना फसवी ठरू शकते.

काही शिक्षक म्हणतील, “साठ मुलांच्या वर्गात कोण अडखळले हे आम्हांला कसे कळावे? यंत्राची मदत झाली तर वाईट काय?” अडचण खरी आहे. पण अडखळलेला मुलगा आपण होऊन हात वर करील, असा वर्ग हवा. कपाळावर पहारा बसला, तर मुले लक्ष देण्याऐवजी लक्ष दाखवायला शिकतील. आणि विचारण्याला पर्याय नाही, हे संशोधकही जाणतात. अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेत हार्ट व स्टेव्हलँड यांनी तयार केलेली, १९८८ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली आजही वापरतात. तीत काम करणाऱ्यालाच सहा गोष्टी विचारतात : डोक्याला ताण किती पडला, शरीराला किती, घाई किती होती, काम कितपत साधले, कष्ट किती पडले आणि वैताग किती आला.

मग हे मोजमाप निरुपयोगी का? मुळीच नाही. विमानचालकापुढचा पडदा कसा मांडावा, नियंत्रणकक्षात एका माणसावर किती कामे सोपवावीत, हे ठरवताना ते उपयोगी पडते. स्वेच्छेने आलेल्या काही जणांवर प्रयोग करून पाठ्यपुस्तकातले एखादे क्लिष्ट पान सोपे करता आले, तर कोणाला नको आहे?

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे ठरवले. तेव्हा काट्यावर दप्तर ठेवले गेले, ते हलके करण्यासाठी. वाकलेल्या पाठीला कोणी कमी गुण दिले नाहीत. मेंदूवरचा भारही याच हेतूने मोजावा. दोष शोधायचा तो आधी कामात, मग माणसात.