सनद कोणाच्या कामी?

आपल्या वस्तीत पोरगा वकील झाला की पेढे वाटतात, विहारात सत्कार होतो. व्हायलाच हवा. पण ही सनद पुढे कोणाच्या कामी येणार, हे हार घालताना कोणी विचारीत नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही एका वकिलाविषयी सांगणार आहोत. त्यांच्या कामाचे मोल कळायला सूर्यमाळच्या डोंगरावर जावे लागते.

सूर्यमाळ मोखाडा तालुक्यात. पूर्वी ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. शेती नागली-वरईची. दिवाळी सरली की आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीची वाट धरतात. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा कुठे मुंबईला या डोंगरातली भूक कळली.

ॲड. कॉलिन गोन्साल्विस मूळचे इंजिनियर, मुंबईच्या आय.आय.टी.चे. कामगार संघटनांत काम करता करता ते कायद्याकडे वळले आणि रात्रीच्या वर्गात शिकून वकील झाले. १९८९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क’ उभे केले. ज्याच्याजवळ फी नाही त्याचा खटला लढणारी ही संस्था.

२००१ साली सरकारी गोदामे धान्याने फुगली होती आणि राजस्थानात दुष्काळाने माणसे उपाशी होती. पी.यू.सी.एल. ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. गोन्साल्विस यांनी तिची बाजू मांडली. घटनेच्या २१ व्या कलमाने जगण्याचा हक्क दिला आहे. मग अन्नावाचून जगायचे कसे?

त्याआधी शाळेतून महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. तो घरच्या हंडीत जाई आणि पोराच्या वाट्याला घास-दोन घास येत. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने हुकूम दिला की, शाळेतच शिजवलेले जेवण द्या. एप्रिल २००४ मध्ये पुढचा हुकूम झाला : स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्या. डिसेंबर २००६ मध्ये आणखी एक : ज्या पाड्यात वा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत, तिथे मागणी होताच तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदाच झाला. २०१७ मध्ये गोन्साल्विस यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ हा जागतिक पुरस्कार मिळाला.

माता-भगिनींनो, २००४ च्या त्या हुकुमाचे मोल आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ज्या हातचे पाणी विटाळ मानले, त्याच हातची खिचडी साऱ्या गावाच्या लेकरांनी एका पंगतीत खायची! चवदार तळ्याचेच हे पुढचे पाऊल. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. पण स्पृश्यांनी घातलेला दावा हायकोर्टात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. बाबासाहेबांनी दहा वर्षे तो खटला सोडला नाही. अशी वकिली करायला चिकाटी लागते.

पण कोर्टाचा कागद आपल्या पायांनी डोंगर चढत नाही. २०१६ सालीही मोखाड्यातून बालमृत्यूंच्या बातम्या आल्याच. आईबाप भट्टीवर गेले की पोरही जाते आणि शाळेतले ताट मागे राहते. आमच्या मते वकिलाचे काम निकालाशी संपत नाही आणि आपले काम तर तिथेच सुरू होते. आपल्या अंगणवाडीत आज काय शिजले ते बघा. शाळेत स्वयंपाकाला कोणाला नेमले ते विचारा. कोणा गावात आपल्या बाईच्या हातचे जेवण नाकारले, तर गप्प बसू नका, अर्ज करा.

आणि घरात कोणी वकिली शिकत असेल, तर शिकताना एकदा तरी त्याला सूर्यमाळकडे पाठवा. आपले अशील तिथे भेटते. फी देणार नाही, पण बाबासाहेबांनी दिलेली घटना कोणासाठी आहे ते शिकवील.

जयभीम!