संशोधन कुणाचं, नाव कुणाचं?

संशोधनाच्या पैशाचे आकडे अलीकडे इतके मोठे झालेत, की वाचताना शून्यं मोजावी लागतात. २०२३ मध्ये संसदेनं 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'चा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये, असं तेव्हा जाहीर झालं. त्यातले चौदा हजार कोटी सरकारचे, उरलेले छत्तीस हजार कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यायचे. फेब्रुवारी २०२४ पासून कायदा लागू झाला. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आणखी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. ती मुख्यतः खासगी उद्योगांनी संशोधन करावं म्हणून, दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जासाठी. म्हणजे पैसा नाही, हे रडगाणं आता गाता यायचं नाही.

मग प्रश्न उरतो तो वाटेचा. हा पैसा कोणत्या वाटेनं जातो, आणि कुठं पोचायच्या आधी संपतो?

हा प्रश्न मला सुचला नाही, तो मला विचारला गेला. पोंभुर्ण्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींशी गप्पा मारायला गेले होते. पोंभुर्णा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातला छोटा तालुका. धानाची शेती, मोहाची झाडं, जंगल, आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. मी आपली 'पुढं काय शिकणार' यावर बोलत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, रिसर्चसाठी पैसे भेटते म्हन्तेत. पन कोनाले भेटते जी?"

वर्ग हसला. मी पण हसले, पण उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं. ते शोधायला मला पुढचे दोन आठवडे लागले.

या कायद्याची गरज पटवून देताना २०२३ मध्ये केंद्र सरकारच्याच बाजूनं सांगण्यात आलं होतं, की संशोधनाच्या सरकारी अनुदानातला साधारण ६५ टक्के वाटा आयआयटीसारख्या मोठ्या संस्थांकडे जातो आणि राज्य विद्यापीठांच्या वाट्याला जेमतेम ११ टक्के येतो. आपली बहुतेक मुलं-मुली मात्र राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या महाविद्यालयांत शिकतात. चूक सरकारनं कबूल केली, हे चांगलंच झालं. त्यावर उपाय म्हणून एक योजना आली. एक मोठी नामवंत संस्था 'हब', आणि तिला जोडलेली काही विद्यापीठं 'स्पोक'.

हे मला समजलं ते बैलगाडीच्या चाकावरून. मधला तुंबा म्हणजे हब. त्यातून निघालेले आरे म्हणजे स्पोक. पण चाकाला बाहेरून एक लोखंडी धाव असते ना? दगडमातीवर घासते ती धावच. तालुक्याचं महाविद्यालय म्हणजे ही धाव. योजनेच्या पहिल्या टप्प्यात आरे म्हणून घेतली ती विद्यापीठं आणि राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था. तालुक्याच्या महाविद्यालयांचं नाव त्यात नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन गोंडवाना विद्यापीठ झालं. ते अजून स्वतःच उभं राहतंय. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं तिथं विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्र झालं, ही चांगली गोष्ट. पण पोंभुर्ण्याची मुलगी गडचिरोलीला रोज जाऊन-येऊन संशोधन करील, असं मानणाऱ्यानं एकदा एसटीचं वेळापत्रक बघावं.

आता शिक्षिकांचं बघू या. आपल्याकडे अनुदानित महाविद्यालयांत किती जण 'तासिका तत्त्वावर' शिकवतात, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तासाच्या हिशेबानं मानधन, आणि सुटी लागली की तेही बंद. अशा नोकरीत बायका पुष्कळ. नवऱ्याची बदली, मुलं, सासूचं आजारपण, यात तासिका 'जमून जातात' म्हणून. आणि संशोधन प्रकल्पाच्या बहुतेक योजनांचा पहिला नियम काय, तर प्रमुख संशोधक नियमित पदावर हवा. पीएचडीचा मार्गदर्शकही यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नियमित शिक्षकच लागतो. म्हणजे दहा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणारी, नेट-सेट झालेली बाई स्वतःच्या नावानं अर्ज करू शकत नाही. ती दुसऱ्याच्या प्रकल्पात 'मदत' करू शकते. घरातली मदत आणि ही मदत, दोन्हींचा हिशेब सारखाच लागतो.

पूर्वी यूजीसीचे लघु संशोधन प्रकल्प असायचे. लाख-दोन लाखांचे, छोट्या महाविद्यालयातल्या शिक्षकालाही झेपतील असे. त्यातून काही थातूरमातूर कामंही झाली, हे खरं. पण गावाकडच्या अनेक शिक्षिकांनी आयुष्यातला पहिला स्वतंत्र अभ्यास त्याच पैशावर केला. ती योजना बंद पडली आणि तिच्या जागी तितकं छोटं, तितकं हाताशी असलेलं काही आलं नाही. पन्नास हजार कोटींच्या गप्पांत ही दोन लाखांची पोकळी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मला तरी खरं दुखणं इथंच दिसतं.

अर्थात सगळेच दरवाजे बंद नाहीत. आदिवासी मुलामुलींसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जागा. पीएचडी करणाऱ्या मुलींना यूजीसीनं २०२२ च्या नियमांत दोन वर्षांची जास्तीची मुदत दिली आहे आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही रजा आपला हक्क आहे हे अनेक मुलींना ठाऊकच नसतं. त्या नाव काढून घेतात आणि घरी बसतात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' नावाची योजना तर खास बायकांसाठी आहे. लग्न, मूल, बदली यामुळे विज्ञान सुटलेल्या बाईला पीएचडी किंवा त्यापुढचं संशोधन करता यावं म्हणून. त्यात नियमित नोकरीची अट नाही, आणि वयाची मर्यादाही सैल आहे. माझ्या मते तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकांनी आधी हा दरवाजा ठोठवावा. फक्त त्यासाठी एक संस्था पाठीशी लागते, प्रयोगशाळा देणारी. इथं पुन्हा गाडी तुंब्याकडे वळते.

राज्याच्या फेलोशिपबद्दल मात्र काय बोलावं! बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या विद्यार्थ्यांना हक्काच्या पैशासाठी उपोषणाला बसावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. त्यावर गदारोळ झाला, सारवासारवही झाली. पण तो सवाल आपल्या घराघरांत मुलींना रोज ऐकू येतो, फक्त तिथं कॅमेरा नसतो. देशात २०१८ मध्ये प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत बायका होत्या १६.६ टक्के. हा आकडा त्या सवालाला बाजूला ठेवून वाचता येत नाही.

बरं, पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणी संशोधन करण्यासारखं आहे तरी काय, असं कुणी विचारील. मला तर वाटतं, इथं विषय पायात येतात. या भागात सिकलसेलचा आजार घरोघरी ठाऊक आहे. त्यासाठी चंद्रपुरात आयसीएमआरचं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे, म्हणजे देशातली मोठी संस्था दारात आली आहे. तेंदू आणि मोहाच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात बळी जातात त्यात बायका किती, हे वर्तमानपत्र उघडलं की दिसतं. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. वाघावर अभ्यास करायला देशभरातून लोक येतात. पहाटे किती वाजता निघावं लागतं, वाकून तोडताना पाठीमागचं काय दिसतं, गट करून गेलं तर मजुरी किती बुडते, हे सगळं ज्या बाईला ठाऊक आहे, तिचा अभ्यास कोण करतं? आणि तो तिच्या मुलीनंच का करू नये?

आता 'सहकार्य' या गोड शब्दाबद्दल. बाहेरची मोठी संस्था येते, इथल्या शिक्षिकेला म्हणते, चला, आपण मिळून करू. मग मुलींनी गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरायच्या, आशाताईंनी बायकांना गोळा करायचं, आणि शोधनिबंधात शेवटी एका ओळीत सर्वांचे आभार. एका गावात एक आजी मला म्हणाली होती, "येतेत, लिहून नेतेत. मंग काय होते त्याचं, कोनीच सांगत नाई."

आपल्या जिल्ह्यानं याचं एक मोठं उदाहरण पाहिलंय. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव (मराठवाड्यातलं नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे, दीडेक एकराचे धनी. १९८३ च्या सुमारास त्यांना धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं जपल्या. त्यातून तयार झालेल्या बारीक तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून नाव पडलं, एचएमटी. पुढं कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रानं त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' नावाचं वाण आलं. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही ते शुद्ध केलं, सुधारलं. दादाजींचं म्हणणं, माझं नाव कुठं आहे? दोन्ही बाजू ऐकल्या तरी एक गोष्ट उरतेच. बियाणं देताना दोघांमध्ये काही लिहून ठेवलेलं असतं, तर पुढं एवढा वाद झालाच नसता. नंतर दादाजींचा गौरव झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीतही ते आले. पण पैशाची चणचण शेवटपर्यंत सुटली नाही. २०१८ मध्ये ते गेले. एचएमटी तांदूळ आपण आजही किलोवर भाव करून घेतो. (आणि एक आपलं सहज, बियाण्यासाठी लोंब्या निवडून ठेवायचं काम आपल्याकडे कितीतरी घरांत बायकाच करतात. त्यांचा तर वादच होत नाही.)

उलटं उदाहरणही इथलंच. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत साडेसहाशे बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जायचं. हा प्रश्न दिल्लीच्या कुठल्या यादीत नव्हता. बायकांमध्ये बसणाऱ्या डॉक्टर बाईला तो दिसला. आणि अभ्यास करणारे तिथंच राहिले, उपचारही तिथंच झाले. माझ्या दृष्टीनं सहकार्याची व्याख्या ही.

आता पोंभुर्ण्यातल्या त्या महाविद्यालयाकडे वळते. तिथल्या एका तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेला एका मोठ्या शहरातल्या संस्थेकडून विचारणा आली आहे, रानभाज्यांच्या अभ्यासात सहभागी व्हाल का म्हणून. विषय तिच्या जिव्हाळ्याचा, सासूबाईंनाच तीसेक भाज्या ओळखता येतात. ती आनंदात होती आणि घाबरलेलीही. आम्ही दोघींनी बसून एक पत्र लिहिलं, चहा दोनदा झाला.

पत्रात चार गोष्टी विचारल्या. शोधनिबंधात लेखिका म्हणून माझं नाव राहील का? माहिती गोळा करणाऱ्या विद्यार्थिनींना दिवसाचं मानधन आणि प्रवासखर्च अंदाजपत्रकात दाखवलाय का? ज्या बायका भाज्यांची माहिती देतील त्यांच्या गावाची नोंद जैवविविधता समितीकडे होईल का? तसा कायदा २००२ पासून आहे आणि ग्रामपंचायतीत ही समिती असायलाच हवी. आणि शेवटचं, अभ्यास झाल्यावर त्याची मराठी प्रत गावात वाचून दाखवायला तुम्ही याल का?

"एवढं विचारलं तर दुसरीला घेतील ना मॅडम," ती म्हणाली. घेतीलही. म्हणून पत्रावर तिच्या एकटीची सही न ठेवता प्राचार्यांची सही घ्यायची ठरली. महाविद्यालयाचा शिक्का असला की पत्राला पत्र म्हणून उत्तर द्यावं लागतं. प्राचार्य दोन दिवस नागपूरला होते, त्यामुळे पत्र सोमवारी गेलं.