झाडावरील मुंग्या आणि फवारणीची घाई

आंब्याच्या वा काजूच्या फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की औषधाचा पंप बाहेर काढावयाचा, ही रीत बागांतून रुळत चालली आहे. त्या मुंग्या कोणत्या जातीच्या आणि झाडावर कशासाठी आल्या, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ही रीत मोडावयास हवी; निदान तिला आपल्या सल्ल्याचे बळ देऊ नये.

झाडावर राहणाऱ्या मुंग्यांची कुळे निरनिराळी आहेत. फांदीवर वाळक्या शेणाच्या गोळ्यासारखे घरटे दिसते, ते चघळलेल्या वनस्पतितंतूंचे असते. ते बांधणारी काळपट मुंगी क्रेमॅटोगॅस्टर गणातील असून, डिवचली असता आपले बदामाच्या आकाराचे पोट पाठीवर उचलते. वाळलेल्या पोकळ लाकडात राहणारी सडपातळ, तांबडी-काळी मुंगी टेट्रापोनेरा गणातील होय. तिला नांगी असते आणि तिचा दंश फार दाहक असतो. तिसरा तो हिरवी पाने जोडून घर करणारा तांबडा मुंगळा. गोव्याकडे त्यास हुमला म्हणतात. फॅब्रिशियस याने १७७५ साली या जातीस ‘स्मॅरॅग्डिना’, म्हणजे पाचूसारखी, असे नाव दिले. आपल्याकडील कामकरी मुंगळ्यात तो रंग शोधूनही सापडत नाही, राणी मात्र हिरवट असते. यास नांगी नाही. हा जबड्याने चावतो व जखमेवर आम्ल सोडतो.

बागाईतदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हा मुंगळाच. कामकरी मुंगळे एकमेकांची कंबर धरून साखळी करतात, पानांच्या कडा ओढून जवळ आणतात, आणि मग दुसरे मुंगळे आपली अळी तोंडात धरून तिच्या रेशमाने पाने शिवतात. प्रौढ मुंगळ्याजवळ रेशीम नसते. अळीही ते स्वतःच्या कोशासाठी राखीत नाही. एका वसाहतीत राणी बहुधा एकच असते, परंतु तिची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात व कामकऱ्यांची संख्या लाखांत जाते. एवढ्या तोंडांना मांस लागते, आणि ते झाडावरील किडींतूनच मिळते.

काजूवरील ढेकण्या कोवळ्या पालवीतील व मोहोरातील रस शोषून पीक करपवितो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील काजूबागांत झालेल्या प्रयोगांत, हे मुंगळे भरपूर असलेल्या झाडांवर ढेकण्याच्या वर्गातील किडींचे नुकसान कमी आढळले. चीनमध्ये तर संत्रावर्गीय बागांसाठी यांची घरटी बाजारात विकली जात असल्याचा उल्लेख इ. स. ३०४ च्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. याच्या उलट केरळातील कासरगोडचे उदाहरण घ्यावे. तेथे याच ढेकण्यासाठी काजूबागांवर एंडोसल्फानची हवाई फवारणी वर्षानुवर्षे चालली आणि गावोगावच्या कुटुंबांना त्याची झळ सोसावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्या औषधावर बंदी घातली, पण ती फार उशिरा.

मुंगळा निर्दोष आहे असे नव्हे. पिठ्या ढेकूण व खवले कीड यांचा गोड स्राव त्यास आवडतो, म्हणून तो त्यांचे रक्षण करतो, आणि त्या स्रावावर काळी बुरशी चढते. अशी कीड वाढलेल्या फांद्या छाटून टाकाव्यात. तेवढ्यासाठी अख्खी वसाहत मारणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

नव्या बागेत मुंगळे आणावयाचे असल्यास राणी असलेले घरटे आले पाहिजे, राणीविना आणलेली वसाहत काही काळाने संपते. एकाच वसाहतीची झाडे दोरीने किंवा बांबूने जोडावीत. दोन वसाहतींच्या झाडांच्या फांद्या मात्र एकमेकींस भिडू देऊ नयेत, कारण त्या शेवटपर्यंत लढतात व दोन्ही दुबळ्या होतात. राहिला आंबे उतरविणाऱ्या गड्याचा प्रश्न. त्याची तक्रार खरी आहे, आणि त्याच्या अंगावरचे चावे मालकाने हिशेबात धरलेच पाहिजेत. अंगभर कपडे, लांब काठीचा झेला आणि थोडी जादा मजुरी यांचा खर्च फवारणीच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा.