आरोग्यविचार : ‘प्रॉफिलॅक्सिस’ म्हणजे काय ?

‘प्रॉफिलॅक्सिस’ हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकांत वारंवार आढळतो. तो मूळचा ग्रीक. ‘प्रो’ म्हणजे आधीं आणि ‘फुलाक्स’ म्हणजे पहारेकरी. चोर घरांत शिरण्यापूर्वीं दारावर पहारा बसविणें, हा त्यांतील भाव. मराठींत त्यास ‘रोगप्रतिबंध’ म्हणतां येईल. रोग झाल्यावर करावयाचा तो उपचार. होऊं नये म्हणून करावयाचा तो प्रतिबंध. हा भेद सोपा दिसतो. परंतु तो न उमगल्यामुळें माणसें प्राणास मुकतात. श्वानदंश हें त्याचें ठळक उदाहरण होय.

कुत्रें चावल्यावर टोंचून घ्यावयाची लस ही जखमेवरील औषध आहे, असा पुष्कळांचा समज असतो. त्यामुळें जखम सुकली कीं उरलेल्या सुया टाळल्या जातात. वस्तुतः जखम भरून आणणें हें लसीचें कामच नव्हे. रेबीजचे विषाणू लाळेवाटे शरीरांत शिरतात व मज्जातंतूंच्या मार्गानें मेंदूकडे सरकतात. या प्रवासास बहुधा कांहीं आठवडे वा महिने, पण कधीं थोडेच दिवस लागतात. तेवढ्या अवधींत शरीराची प्रतिकारशक्ति सज्ज करणें, हें लसीचें कार्य. म्हणजे दंश झाला तरी रोग अद्यापि जडलेला नसतो. पहारा बसविण्यास सवड असते. १८८५ च्या जुलैंत पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचविली, ती याच भरंवशावर. पाण्याचें भय इत्यादि लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं.

यास्तव दंश होतांच जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी. तीवर हळद, तिखट वा चुना भरूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. जखमेंतून रक्त आलें असल्यास लसीसोबत जखमेंत इम्युनोग्लोब्युलिनही टोंचावें लागतें. कारण लसीनें शक्ति निर्माण होईपर्यंत जे दिवस जातात, त्यांत या आयत्या प्रतिद्रव्यांचाच आधार असतो. पुढील सुया नेमलेल्या दिवशींच घ्याव्या. एकही चुकवूं नये.

आणखी एक गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी. मुलें रागावण्याच्या भीतीनें दंश लपवितात. “कुत्र्याच्या वाटेस गेलासच कां ?” हा प्रश्न मागाहून विचारतां येईल. ज्या घरांत मूल निर्भयपणें आईस सांगूं शकतें, त्या घरचा पहारा वेळेवर बसतो.