फुकटचा सल्ला महागात पडतो

मंडळी, जरा स्पष्टच बोलतो. आपल्या पाटसच्या पट्ट्यात ऊस-कांद्याच्या औषधावर हजारो रुपये घालताना आपण मागंपुढं बघत नाही. पण वर्गणी भरून शेतीचं एखादं मासिक घ्यायचं म्हटलं की हात आखडतो. मग काय, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ हेच आपलं कृषी विद्यापीठ! मीही एकदा असल्याच मेसेजवर विसंबून कांद्यावर फवारा मारला. पात करपली, पैसेही गेले.

तेव्हापासून काहीही वाचताना माझी कसोटी ठरलेली. जमीन कोणती, पाणी किती, वाण कोणता, एकरी खर्च किती, हे लिहिलंय का? काळ्या रानाचा सल्ला मुरमाड माळाला चालत नाही. औषधातला घटक, प्रमाण आणि फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, हे दिलंय का? फसलेला प्रयोग कधी छापतात का? नुसता 'एकरी 100 टन'चा मथळा आणि शेजारीच त्याच खताची जाहिरात असेल, तर ते मासिक नव्हे, दुकानाचं पत्रक.

कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक, राहुरी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी', 2005 पासून निघणारं 'अ‍ॅग्रोवन' यांच्यापासून सुरुवात करा, पण कसोटी त्यांनाही लावा.

एकट्याला वर्गणी जड वाटत असेल तर चौघांत मिळून भरा. अंक घरोघर फिरू द्या. एक चुकीची फवारणी वाचली तरी वर्गणी वसूल!

तुमच्या घरी काय येतं? खाली सांगा.